मुद्देमाल क्रमांक सात

लेबलावर संत्र्याच्या आठ फोडी,
एका पानावर दवाचा थेंबसुद्धा.
खाली: अस्सल नागपुरी संत्रा, पाकातला,
निव्वळ वजन साडेआठशे ग्रॅम.
कंपनीचं नाव लिहीत नाही,
प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

कळमन्याच्या गोदामात एक डबा तिथंच फोडला.
आत पपई निघाली,
कच्ची, चंद्रकोरीसारखी कापलेली, रंगात बुडवलेली.
पाक निथळल्यावर तीनशे दहा.

चार डबे बांधले. लाख वितळवली, सुतळी आवळली.
पंच म्हणून समोरच्या पानठेल्यावरचे बोकडे आले.
सही करताना म्हणाले,
"संत्र्याच्या गावात संत्रंच खोटं, मॅडम?
इथं त रस्त्यावर सडून जाते ना जी."

अहवालात मी लिहिलं: मिथ्याछाप.
मुलानं विचारलं, म्हणजे काय?
नाव एकाचं, पोट दुसऱ्याचं, म्हटलं,
आणि त्याच्या डब्यात पोळी भरली.

याला सात वर्षं झाली.
कंपनीचे वकील सकाळच्या विमानानं येतात,
दुपारच्या विमानानं जातात.
मधे तारीख.
लेबल छापणारा वेगळा, म्हणतात, डबे भरणारा वेगळा,
आमचे अशील नुसते मालक.

एकदाच काहीतरी हललं.
कुसुम धुर्वे पिंजऱ्यात उभी राहिली,
हिंगण्याच्या शेडमध्ये लेबलं चिकटवणारी,
दिवसाला बाराशे.
"वाचता येतं?"
"नाही."
"मग लेबल खोटं, हे कसं कळलं?"
तिनं दोन्ही तळवे पुढे केले, जणू कोर्टानं हुंगावेत.
"संत्रं सोललं का हाताले वास लागते, साहेब.
दोन दिस जात नाही.
तीन सालं होती मी तिथं.
पोरगी जवळ आली, का म्हणे, आई, डिंकाचा वास येते."

टंकलेखकाची बोटं थांबली.
न्यायाधीशांनी पंख्याकडे पाहिलं,
मग म्हणाले, घ्या लिहून, जसंच्या तसं.

पुढची तारीख जूनमधली.
आज पारा सेहेचाळीसवर, कूलरमध्ये पाणी नाही,
आणि कपाटात सात नंबरचा डबा फुगलाय.
लेबलावरच्या फोडी ताणून
खऱ्याहून मोठ्या दिसतात.
सील शाबूत. झाकणावर बोट दाबलं तर
टक्क वाजतं, परत वर येतं.

शिपायाला सांगितलं, बादलीत ठेव, सावलीत,
कपडा ओला करून.
फुटला तर पंचनामा पुन्हा करावा लागेल,
आणि बोकडे
मागच्या पोळ्याला वारले.