शाई

परभणीत उतरलो, खिशात एक चिठ्ठी:
मेहताबचाचा, ढोलकीवाले, गांधी पार्काच्या मागं.
चाचा पुडीवर शाई घोटत होते.
"काय लिवायलाव? बसा. आधी वाळू द्या."

दुपारी त्यांनीच स्कूटरवर फिरवलं.
थेटर होतं तिथं आता फरशांचं गोदाम.
"हितं कौसाबाईची बारी. तिकीट नसलेले
त्या लिंबावर."
लिंबही नव्हता.
कॅसेटवाल्याकडं मोबाइलची कव्हरं.
माळ्यावरून एक खोकं निघालं,
फीत उंदरांनी खाल्लेली, नाव तेवढं शाबूत:
निवृत्ती घनसावंत आणि गायन पार्टी.

रात्री भीमनगरात तेच निवृत्तीदादा.
दोघांनी काखेत धरून स्टेजवर चढवलं.
माइकनं शिट्टी मारली, मग लाइटच गेली.
थांबलं कुणीच नाही.
अंधारात ढोलकीनं वाट दाखवली,
दादांचा फाटका आवाज तिच्यामागून चढत गेला
पत्र्यांच्याही वर,
आणि कोरस धरला तो बायकांच्या रांगेनं,
न सांगता.

वही मांडीवर मिटलेलीच.
चाचा कानाशी आले:
"सकाळचीच हाय ही.
अजून पुरी वाळली न्हाई,
म्हणून जरा ओलं बोलायली."