उसनं अवसान

सहा अंश, म्हणते तोन्चका, खिडकीबाहेरचा पारा बघून,
आणि माझ्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढते,
जणू मी शाळेला निघालोय.
बॅटरीचे पाचही दिवे हिरवे.
छातीत बसवलेल्या दोन जाळ्यांना दिवे नाहीत,
त्यांच्यावर नुसता भरवसा ठेवायचा.

बत्तीस वर्षं येसेनित्सेच्या भट्टीवर
लोखंड पातळ होताना पाहिलं.
माणूस पातळ झाला तर काय करायचं
ते डॉक्टर ह्रिबारबाईंनी सांगितलं:
सायकल चालवा. नाडी एकशे तीसच्या वर नको.
चढ आला की मोटर लावा, लाजू नका.

लाजलो.
पूर्ण एप्रिल उजाडायच्या आत निघालो,
यास्ना तळ्यावर बदकांखेरीज कुणी नसताना.
पण लोय्झे लवकर उठतो, हे विसरलो होतो.
मागून आला, सात किलोची पिसासारखी सायकल,
आणि शेजारून जाताना म्हणाला,
"काय येर्नेय, वीजबिल किती आलं?"

मोटर ढकलत नाही, लोय्झे.
पेडल दाबलं नाही तर ढिम्म बसते.
मी एक घातला तर दोन घालते, एवढंच.
आणि सपाटीवर पंचविसाच्या पुढे गेलो
की हात काढून घेते, न सांगता,
मग सायकलचं सगळं ओझं माझं एकट्याचं.
हे सगळं मी त्याला म्हणालो,
म्हणजे तो दोन वळणं पुढे गेल्यावर.

व्रशिचच्या वळणांना आकडे आहेत.
दगडी फरसबंदी हातांच्या तळव्यांत गुणगुणते.
आठव्या वळणावर रशियन कैद्यांचं लाकडी देऊळ,
हा रस्ता बांधताना हिमाखाली गेले ते.
एप्रिलात तिथूनच मागे फिरायचो, तिसऱ्या पायरीवर मोटर.
मे महिन्यात दुसरी पायरी, तेरावं वळण.
जूनपासून दर गुरुवारी
सतरा ते अठरा मोटर बंद. मुद्दाम.
एकच वळण, जेमतेम दोनशे मीटर.
पडद्यावर एकशे सव्वीस, सत्तावीस,
एकशे एकोणतीस,
अठरा.
बटण.
पुन्हा उसनं अवसान.

गेल्या गुरुवारी एकविसाव्या वळणाच्या दगडावर
लोय्झे बसला होता. पोटरीत गोळा,
तोंड चुन्यासारखं. बायकोला फोन लावत होता,
पण तिथे रेंज नाही.
वर खिंडीत मेंढपाळाची झोपडी, गरम चहा.
मी खोगीर चार बोटं वर केलं, त्याच्या पायांना.
म्हणालो, "घे. पहिलं बटण दाब. जोर लावू नकोस,
पण पाय हलता ठेव."
तो काही बोलला नाही. वीजबिलाबद्दल तर नाहीच.

गेला.
आणि माझी नाडी त्याच्यासोबत गेली,
आकडा सगळा त्या पडद्यावर होता ना.

त्याचं खोगीर मला उंच. टोकावर सरकून बसलो.
लार्चची झाडं, खाली पिश्नित्साचे पांढरे धोंडे,
आणि मी. मोटर नाही, आकडा नाही.
शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच
स्वतःच्या छातीला विचारावं लागलं, कशी आहेस.
तिने धडधडत सांगितलं, कळेल असं.
बाविसाव्यावर उतरलो, पायी चाललो.
पुन्हा बसलो. पुन्हा उतरलो.
एका जर्मन मोटारीने वाट देत हॉर्न वाजवला,
रागाने की कौतुकाने, देव जाणे.

वर लोय्झे झोपडीच्या बाकावर, हातात कप.
माझी सायकल भिंतीला टेकवलेली, अगदी जपून,
कुणाचं तरी म्हातारं कुत्रं सांभाळायला दिलंय तशी.
"जड आहे रे," तो म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने,
"शेवटच्या वळणाला मी बंद केली होती.
तुला वाटलं असेल, सगळं तिनेच केलं."

बॅटरीचे तीन दिवे उरले होते.
तोन्चकाला मी हे सांगितलं नाही.
खोगीर मात्र अजून चार बोटं वर आहे,
खाली करायचं राहूनच जातंय.