दिसेल असं सांगत नाही

टिळकवाडीतल्या एजंटानं कागद दिला.
निळ्या पाण्यातून उडी मारलेला देवमासा,
त्याच्या पोटावर छापलेलं : शंभर टक्के हमी.
मी ह्यांच्याकडे बघितलं.
ह्यांना ऐकू येत नाही. उद्यमबागेत सत्तावीस वर्षं
कास्टिंगं ठोकून दोन्ही कान
फाउंड्रीतच ठेवून आलेत.
पण हमी हा शब्द ओठांवरून ओळखतात,
गेटवरच्या मीटिंगांत खूपदा बघितलाय.
कागदाची चौघडी केली त्यांनी
आणि शिलाई मशीनचा एक पाय डुगडुगतो
त्याच्याखाली सारली.

दुसरा कारवारचा. दोन इंजिनं, जेवणात सुरमई, वर स्पीकर.
"गाणी किती जोरात?"
"काठापर्यंत ऐकू जातील की अक्का!"
म्हणजे खालीही जातील.
नको म्हटलं. नवऱ्याला ऐकू येत नाही,
म्हणून शांत होडी पाहिजे,
हे फोनवरच्याला काही केल्या समजेना.

तिसरा नंबर चंदगडच्या मावसभावाच्या व्याह्याकडून.
मालवणचा बस्त्याव. आधी खोकला, मग बोलला :
"दिसतलो असा मी सांगूचंय नाय, ताय.
डॉल्फिन बऱ्याचदा. देवमासो क्वचित.
इंजिन बंद करतलंय, मगे गप बसाचा."
मी ॲडव्हान्स पाठवला.
बघायला आले तेव्हा ह्यांनीही असंच सांगितलं होतं :
घर बांधीन असं सांगत नाही.
(बांधलेलं नाही.)

ह्यांचा एकच प्रश्न, तो मी विचारला :
होडी लाकडी की फायबरची?
"लाकडाची. बापाशीची."
हे दिवसभर खुशीत.

कुठल्याशा पेपरात वाचलंय ह्यांनी,
देवमाशाचा आवाज इतका खालचा असतो
की कानाला कळत नाही, बरगड्यांना कळतो म्हणे.
खरं खोटं मला माहीत नाही.
पण शेवटी शेवटी मोठा हातोडा ह्यांना
छातीतच ऐकू यायचा, ते मला माहीत आहे,
रात्री तिथंच हात ठेवून झोपायचे.

डिसेंबरात तयारी सुरू केली.
येळ्ळूरच्या बसमध्ये दांडी न धरता उभं राहायचं.
कंडक्टर ओरडतोय, "हिडकोरी, हिडकोरी!"
हे हसतायत, गुडघे सैल सोडून,
वळणावर सगळी बस एका अंगाला जातीय
आणि मष्णू मिस्त्री मधोमध ताठ.
पुढच्या सीटवरच्या बाईनं टोपली पोटाशी ओढून घेतली.

खडेबाजारातून उलटीच्या गोळ्या, आलेपाक,
हनुवटीखाली बांधायची टोपी.
दुर्बीण शहापूरच्या पक्षीवाल्या मास्तरांची,
परत देताना काच पुसून द्यायची अट.

रविवारी राजहंसगडावर.
खाली मसुरीची शिवारं, पार धुक्यापर्यंत.
पाणी समजा, मी हातानं सांगते.
ते समजतात.
दीड तास. काही नाही. माझे पाय मुंग्यांनी भरले,
दशम्या संपल्या,
एका पोरानं विचारलं, काय हरवलंय काय?
मग बांधाआडून एका ट्रॅक्टरनं पाठ वर काढली,
धुराचा फवारा सोडला
आणि परत बुडाला शेतात.
ह्यांनी माझा दंड एवढा घट्ट धरला
की बुधवारपर्यंत वळ होता.

उद्या आंबोलीवरून उतरायचं.
मी नवीन सँडल तीनदा पिशवीत घातले,
ह्यांनी तीनदा बाहेर काढले.
फळीवर अनवाणीच उभं राहणार.
वय बघा, मी म्हटलं. पाठमोरी असताना म्हटलं,
म्हणजे म्हटलंच नाही.

पहाटे तीन. अनगोळात एक कुत्रं सोडलं तर सगळं गप.
पिशवी दारात, दुर्बीण गळ्यात,
हे उंबऱ्याबाहेरच्या गार फरशीवर उभे
नुसत्या पायांनी.
गल्लीत अंधार. मला कसलाच आवाज नाही.
"आली," ते म्हणाले.
मी कुलूप लावेपर्यंत
जीपचे दिवे कोपऱ्यावर वळले.