डावा कोपरा

माणसं मला घोट्यावरून ओळखू येतात.
चेहरे निसटतात.
परवा कन्ना चौकात एकानं मिठीच मारली,
"काय बे, ओळखलास का?"
मी खाली पाहिलं.
निळ्या पट्ट्याची चप्पल, अंगठ्याचं नख काळं,
वळताना आधी टाच टेकायची खोड.
"पार्क मैदान, जिल्हा शालेय. बोनसला लांब पाय टाकायचास तू."
गडी खूश. नाव मात्र त्यालाच सांगावं लागलं.

कोपऱ्यात मला उभं केलं मादगुंडी सरांनी,
बुटका म्हणून, आणि बोलत नाही म्हणून.
विडी घरकुलामागची जागा, आम्हीच खडे वेचलेली.
पाचव्या दिवशी नळाला पाणी यायचं,
त्यातल्या दोन बादल्या चोरून मातीवर मारायचो
आणि घरोघरी मार खायचो.
सर म्हणायचे, दम त्याचा, थांबायचं तू.
येऊ दे. अजून येऊ दे.
त्याला वाटलं पाहिजे, इथं कुणीच नाही.

लिलावाच्या दिवशी अम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
टीव्हीवर माझा आकडा चढत गेला तसा
तिनं हजार विड्यांच्या मजुरीनं हिशेब धरला.
बोटं पुरेनात, तेव्हा म्हणाली,
दार लाव, शेजारी बघतील.

सहा हंगाम. तीन शहरांचे रंग.
मॅटवर माती नसते,
पडल्याची खूण अंगावर राहत नाही, आत राहते.
समालोचक 'मेरगू'चं 'मार्गो' करायचा,
आणि त्यानं नाव घेतलं की समजायचं, चुकलं काहीतरी.
नीट उभ्या असलेल्या कोपऱ्याकडे कुणी फिरकतच नाही.
चढाई उजवीकडूनच येते, उजवीकडूनच परत जाते,
आणि तक्त्यात माझ्यापुढे शून्य.

एका मुलाखतीत मी सांगितलं होतं:
वडील मागावर होते. बारा मागांच्या खडखडाटात
धागा तुटायच्या आधी त्यांना ताण ऐकू यायचा.
तेच मी घोट्यात ऐकतो.
टाळ्या पडल्या. पुढं छापूनही आलं.
खरं असं की नायनांनी मला असलं काही कधी सांगितलं नाही.
बेचाळिसाव्या वर्षीच कान गेले होते त्यांचे, त्याच खडखडाटात.
धागा तुटला की मुकादम पाठीत टोचायचा.

पाचव्या हंगामात खांदा. सहाव्यात करंगळी, ती अजून वाकडीच.
आणि एका रात्री, शेवटच्या चढाईला,
मी अर्धा श्वास आधी झेपावलो.
घाई तरुणांची असते म्हणतात. नाही.
वय झालं की घाई होते.
पुढच्या लिलावात माझं नाव पुकारलं,
कुणी पाणी प्यायलं, कुणी फोन पाहिला.
चादरींच्या गावचा मी,
न खपलेला माल कसा घडी घालून ठेवतात ते ठाऊक आहे.

आता शाळेत शिट्टी मारतो.
नायनांचा कारखाना विकला गेला, तिथं लग्नाचा हॉल झाला.
तरी पहाटे चारला ते उठतात, डबा चाचपतात,
निघतात पहिल्या पाळीला.
हाक मारून काय उपयोग.
म्हणून मी उंबऱ्याशी झोपतो, डाव्या अंगाला.
अंधारात पाऊल येतं, भेगाळलेलं,
आधी चवडा, मग सावकाश सगळं वजन.
येऊ देतो. अजून येऊ देतो.
हल्ली घोटा धरला की माझी बोटं एकमेकांना भेटतात.
ते थांबतात. वाकून हात चाचपतात,
वाकडी करंगळी सापडली की म्हणतात,
"तू होय. सुट्टी आहे का आज?"
मी मान हलवतो. अंधारात ती त्यांना दिसत नाही.

कधी कधी मात्र सोडून देतो,
चार पावलं अंतर ठेवून मागं जातो
हॉलच्या फाटकापर्यंत.
कालच्या लग्नाची फुलं तिथं तुडवलेली असतात.
ते फाटकाला हात लावतात
आणि परत फिरतात.
गुण त्यांचा.