बुधवारी थांब

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या वरच्या मजल्यावर
आमचं ऑफिस. खाली साचे फुटतात
आणि कीबोर्डवर काळी रेती बसते.
एकशे बारा पतसंस्थांचा हिशेब
रात्री इथून चालतो,
आणि तो सगळा एका फाइलीत आहे.
चौदा हजार ओळी.
तिच्याबद्दल आम्ही जरा हळूच बोलतो.

साहेब म्हणाले, चालतंय ना? मग हात कशाला?
चालतंय.
गेल्या वर्षी पावतीवर फोन नंबर छापायचा होता, एवढंच.
सतरा दिवस लागले,
आणि कडोलीच्या संस्थेत सोनेतारणाची बेरीज चुकली.
तेव्हापासून मी आणि शिवलीला हुक्केरी
जेवणानंतर दोन तास
नुसतं वाचतो.

मी 'व्याज' नावाचं फंक्शन वाचत होते,
ती 'बड्डी' नावाचं.
तिनं मान वर केली.
"रेणू, तुझ्यात सव्विसाव्या ओळीला काय आहे की?"
ओळीला ओळ लावली. तेच. तसंच.
जुळं, दोन घरांत वाढलेलं.
फक्त तिच्यातलं वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं,
माझ्यातलं तीनशे साठ.
ते पाच दिवस कुणाचे गेले
ते शोधता शोधता संध्याकाळ झाली:
अकरा संस्था. कुठे नव्वद पैसे, कुठे सव्वा रुपया.

एकच ठेवायचं ठरलं.
नाव कुठलं, यावर दोघीही गप्प.
या गावात पाट्यांवरून दगड उडालेत.
शेवटी तिनं पर्समधून रुपया काढून उडवला.
बड्डी आली.
मी टाइप केलं, आणि खाली एक ओळ लिहिली:
म्हणजे व्याज. वर्ष ३६५ चं. कारण अमुक.

मग ती सापडली. नऊ हजार चारशे दोन.
जर बुधवार असेल तर थांब.
शेजारी: हात लावू नये. प. सां.
तारीख नाही. कारण नाही.
सहा वर्षं प्रत्येक नव्या मुलाला
मीच सांगत आले, बुधवारी पोस्टिंग होत नाही.
का?
होत नाही.

परशराम सांबरेकर आता सांबऱ्यात, विमानतळाच्या भिंतीमागे,
फवारणीचे पंप दुरुस्त करतात.
रविवारी स्कूटीवरून गेले.
त्यांच्या तोंडात स्क्रू होता, तो काढून म्हणाले,
"अजून हाय ती ओळ?"
आणि हसतच राहिले.
"अगं, तेव्हा बुधवारी लाइट नसायची की.
जनरेटर खालच्या फाउंड्रीचा.
अर्ध्यात बंद पडला की बेरजा तुटायच्या.
महिन्याभरापुरतं लिहिलं होतं."
मग वॉशर बसवता बसवता,
"आता असते लाइट?"
असते, काका. बारा वर्षं झाली.

काढण्याआधी तिच्याभोवती चाळीस चाचण्या लिहिल्या,
प्रत्येक वाराची, महिनाअखेरीची,
एकोणतीस फेब्रुवारी बुधवारी आला तर त्याचीही
(तो एकदा येऊनही गेला होता).
साहेबांनी विचारलं, तीन महिन्यांत काय वाढवलंत?
आठशे चाळीस ओळी कमी केल्या.
ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

बुधवारी रात्री दोघी थांबलो.
खाली ओतकाम चालू होतं, खिडकीची काच नारिंगी.
अकराला हिशेब सुरू झाला,
एक एक करत एकशे बारा,
आणि अकरा वाजून सात मिनिटांनी संपला.
कुणाचाही फोन आला नाही.
शिवलीलानं डब्यातलं उरलेलं कडबू अर्धं मोडून दिलं,
पडदा खाली सरकवला आणि म्हणाली,
"इथे बघ. जर गाव निपाणी असेल तर..."