एकतिसावा शॉट

अरालच्या आमच्या बंदरात पाणी नव्हतं, पण जहाज होतं.
एवढं भांडवल किती जणांकडे असतं?

आम्ही चौघं. एर्केबुलान, मेरुएर्त, दाउलेत आणि मी.
कॅमेरा मेरुएर्तच्या मामाचा, लग्नांचं शूटिंग करणाऱ्या,
शनिवारच्या आत परत द्यायचा, मीठ झाडून.
आणि एक कॅसेट, जिच्यातलं वादळ
आम्ही इतक्या वेळा थांबवून पाहिलं होतं
की लाटांच्या मधोमध
एक पांढरी रेघ कायमची पडली होती.

वहीत मी मोजून लिहायचे:
शॉट सहा, खलाशी घसरतो, तीन सेकंद.
शॉट नऊ, कंदील, दोन.
शॉट चौदा, लाट.
चौदाला आम्ही दहा दिवस अडलो.
मग एर्केबुलाननं शोधून काढलं
की लाट अख्खी अशी कुठे नाहीच.
आहे फक्त वर वर जाणारी एक नजर
आणि पुढच्या तुकड्यात ओली माणसं.
मधली लाट आपणच आणतो, घरून.

आम्हाला सिनेमावाल्यांचा इतका राग आला
की लगेच दोन बादल्या घेऊन निघालो.

जहाज वाळूत एका कुशीवर कलंडलेलं.
वादळासाठी ते आयतंच होतं,
पंचाईत झाली शांत समुद्राची.
सुरुवातीला, जिथे कप्तान नुसता चहा पितो,
तिथे कॅमेरा तिरका धरावा लागे, डेक सरळ दिसायला,
मागे चादर ताणून, कारण क्षितिज खरं बोलायचं.
आणि दाउलेतला उभं राहावं लागे
कमरेला दोर बांधून, एका अंगाला झुकून,
पडता पडता न पडणारा,
चेहऱ्यावर मात्र काहीच न घडल्याचा भाव.
(हा अभिनय गावात सगळ्यांनाच येत होता.)

कप्तानासाठी म्हातारा तोलेगेन,
याच जहाजाच्या इंजिनापाशी बावीस वर्षं काढलेला.
कोट स्टेशनमास्तरचा, पितळी बटणांचा.
परातीत बाजरी फिरवून केलेला आमचा समुद्र
त्यानं ऐकला आणि म्हणाला, हे तळण आहे.
मग ताडपत्री भिजवून जहाजाच्या पोटावर आपटली,
सावकाश, मधे बरीच जागा सोडत.
‘मधे थांबायचा तो. थांबला की भीती वाटायची.’
वहीत मी लिहिलं: आवाज. थांबा. आवाज.

शॉट एकतीस.
कॅसेटमधला कप्तान सुकाणू सोडत नाही.
पाणी छातीला, मग हनुवटीला. अकरा सेकंद.
आम्ही वर बादल्या धरून तयार,
पाणी टँकरचं, आयांना न विचारता उचललेलं.
सुकाणू कधीच भंगारात गेलेलं,
त्या जागी सायकलचं चाक. तोलेगेननं ते धरलं.
मग सोडलं.
कोटाची बटणं लावली
आणि शिडीवरून खाली उतरला, वाळूत.

‘बुडा ना!’ दाउलेत ओरडला.
‘कशात?’
मागे वळलाही नाही.
‘कप्तान म्हणे सगळ्यांच्या शेवटी उतरतो.
इथे समुद्रच आधी उतरला. मी तरी किती थांबू?’

चुकलं होतं. वहीत असलं काही नव्हतं.
एर्केबुलाननं हात वर केला, थांबव म्हणून.
मेरुएर्तचा डोळा कॅमेऱ्यालाच.
जहाजाच्या सावलीत बसलेल्या उंटांमधून तो गेला,
एक उंट उठला, पुन्हा बसला.
पुढे नुसती पांढरी जमीन, आणि एक कोट
लहान होत जाणारा, मधेच एखादं बटण चमकून.
मी सवयीनं मोजत होते. अकरा. चाळीस. दोनशे.
दोनशे बाराला बॅटरी गेली.

कुणी काही बोललं नाही.
मग दाउलेतला आठवलं, कोट
सहाच्या गाडीआधी स्टेशनवर पोचवायचाय.
आम्ही धावत सुटलो त्याच्या मागे,
भरलेल्या बादल्या घेऊन,
समुद्राच्या तळावरून,
थेंबही सांडू न देता.