एफ, आर, सहा

उद्यमबागेत, फौंड्रीच्या माळ्यावर
माझा डावा हात बोलतो, उजवा नुसता ऐकतो.
एल, एंटर. सी, एंटर. ओ, एंटर, बारा, एंटर.
चित्रांच्या बटणांची पट्टी मी कधीच बंद करून टाकली.
कंग्राळीच्या बसमध्येसुद्धा
पर्सच्या कडेवर बोटं आपसूक चालतात;
शेजारची बाई विचारते, "जप करूलालीस काय गं?"

टेबलाशी सातेरीमामा.
रिटायर होऊन नऊ वर्षं झाली,
मालकांनी पुन्हा बोलावलंय, जुनी ड्रॉइंगं वाचायला.
पंपाच्या बॉडीचं ट्रेसिंग, पिवळं,
कडांना चिकटपट्टीचे डाग, कोपऱ्यात त्यांची सही.
ते वाचतात, मी टाइप करते.
बोलणं मराठीत, मोजणं कन्नडमध्ये:
"हत्तु... हन्नोंदु... हन्नेरडु. बारा घाल, बाळ."

टीआर म्हटलं की खालच्या ओळीत यंत्र आधी विचारतं,
कुठल्या रेघा हद्द धरू? मग सांग, काय छाटू.
मी मोठ्यानं वाचून दाखवलं.
मामा हसले. "आमच्या भागात रेघ मारताना
एवढं कुणी विचारलं नाही बघ,"
आणि बशीत चहा ओतला.

मग एका आतल्या कोपऱ्यावर त्यांचं बोट थांबलं.
कागद तिथं खरखरीत, उजेडाला धरला तर विरलेला.
ब्लेडनं खरवडून वर नवी रेघ,
काटकोनात, टोकदार.

"इथं गोलाई होती. सहाची.
पॅटर्नवाला म्हणाला, लाकडाला वेळ जातो.
थोरले मालक म्हणाले, काढ.
काढ म्हणजे रेखणं पण, आणि पुसणं पण.
मला कळलं होतं कुठलं ते.
दिवाळीआधी एक्केचाळीस बॉड्या तडकल्या,
सगळ्या इथंच.
नाव वाळूचं झालं,
आणि मोल्डर यल्लाप्पाचं.
तो बैलहोंगलला गेला, परत आला नाही."

मी काही बोलले नाही.
माझ्याकडं यू आहे. यू, एंटर,
की झालेलं कधी झालंच नव्हतं.
ओरखडा नाही, विरलेली जागा नाही,
तीस वर्षांनी कुणी उजेडाला धरलं
तरी माझं काही सापडायचं नाही.
हे बरं की वाईट, अजून ठरत नाही.

एफ, एंटर. आर, एंटर.
खालची ओळ विचारते, त्रिज्या किती?
मी हात कीबोर्डवरून काढून घेतला.
मामांनी चष्मा पुसला,
वाकले, आणि एका बोटानं
सहा शोधायला त्यांना बराच वेळ लागला.

दोन रेघांवर दोन टिचक्या.
कोपरा वळला.
"एवढंच?"
"एवढंच."

खाली भट्टीचं तोंड उघडलं असावं,
पायाखालचा पत्रा तापत गेला.
बसू कपबश्या न्यायला आला, "मुगीता, मामा?"
मामा स्क्रीनकडंच बघत होते.
खालच्या ओळीत कर्सर लुकलुकत होता,
काहीच न विचारता.